काकांच्या गाडीचं इंजिन उघडू नकोस

धरमपेठ, नागपूर
मे महिना, भर दुपार

प्रिय बंड्या,

तुझा भलामोठा व्हॉइस मेसेज ऐकला. जूनअखेर लेहला जायचं, तेही महालातल्या वाड्यात उभ्या असलेल्या काकांच्या मोटरसायकलवर, आणि त्याआधी ‘इंजिन पूर्ण उघडून नवंकोरं करून घेऊ का बे?’ हा प्रश्न. पहिल्या दोन गोष्टींना आपला जाहीर पाठिंबा. तिसरीला साफ नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण तू फोनवर हो हो म्हणतोस आणि घाटात विसरतोस. म्हणून लिहून देतोय. हा कागद टूलबॉक्समध्ये ठेव.

निघायच्या तोंडावर इंजिनाचं काम काढू नये. नवा पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या की सुरुवातीचे काहीशे किलोमीटर गाडी जपून चालवावी लागते, कारण रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, बसायला वेळ घेतात. तू तर तिला पहिल्याच दिवशी सिवनी, लखनादौन करत सागरपर्यंत रेटणार. शिवाय उघडून बंद केलेल्या इंजिनात कुठे नट ढिला राहिला, कुठे पॅकिंग गळकं बसलं, ते मिस्त्रीच्या दुकानात कळत नाही. नेमकं रस्त्यावर कळतं. काकांची गाडी दोन किकमध्ये लागते, निळा धूर सोडत नाही, ऑइल पीत नाही. मग आत हात घालायचा काहून? ऑइल बदल, इंजिन थंड असताना टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट बघून घे, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर साफ कर आणि पेट्रोलचा रबरी पाइप डोळे मिटून नवा टाक. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. बस, एवढंच.

आता रस्त्यावरचं. माझी गाडी पेंचच्या जंगलात बंद पडली होती हे तुला माहीत आहे, पण पुढचं तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस. निघायला उशीर झाला होता, मनसरलाच ऊन डोक्यावर आलं. देवलापार मागे पडलं आणि गाडी आचके द्यायला लागली. एक फट्, दोन फट्, मग शांत. तीही त्या उंच पुलांवर, ज्यांच्या खालून वाघ जाताना कॅमेऱ्यात दिसतात! अर्ध्या तासाने किक मारली, गाडी एकदम मस्त सुरू. दहा-बारा किलोमीटर गेलो, पुन्हा तेच.

गरम झाली की मरते आणि थंड झाली की उठते, हे लक्षणच अर्धं निदान असतं. यात मुख्य संशयित दोन, पेट्रोल आणि स्पार्क. आधी पेट्रोल बघायचं, कारण त्याला काही खोलावं लागत नाही. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडल्यावर ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी लागली, तर चोर तिथेच सापडला. माझ्याकडे आवाज आला नाही. मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू ढिला केला, पेट्रोल भरभरून आलं. म्हणजे पेट्रोल निर्दोष. वाटी सांडल्यावर जरा थांबून, सांडलेलं नीट पुसून मग स्पार्क प्लग काढला. ओला, पेट्रोलच्या वासाचा. प्लगला टोपी लावून त्याचे आटे इंजिनाच्या लोखंडाला टेकवले, प्लगच्या भोकापासून चांगले लांब, आणि किक मारली. ठिणगी नाही. गाडी निवल्यावर तेच केलं तर निळी, टणटणीत ठिणगी.

कॉइल! म्हणजे ठिणगीसाठी जोरदार वीज तयार करणारं वेटोळं. आतली तार तापली की फुगते, कुठेतरी तुटलेली टोकं एकमेकांपासून सुटतात. निवली की पुन्हा चिकटतात. खात्री करायला ओला रुमाल टाकीखालच्या कॉइलवर गुंडाळला आणि किक मारली. लागली. कॉइलवर म्हणतोय मी, नीट वाच. तापलेल्या सिलिंडरवर गार पाणी ओतायचं नाही. ढाब्यावरची पोट्टी बादली घेऊन धावत येतात मदतीला, त्यांना हात जोडून थांबव. हेडला तडा जाऊ शकतो.

रुमाल भिजवत भिजवत खवासा ओलांडलं, कुरईचा घाट चढलो, सिवनी गाठलं. तिथल्या पहिल्या मिस्त्रीने गाडीला कान लावला आणि म्हणाला, “भैया, इंजन खोलना पड़ेगा, बोर गया.” बोअर गेलेली गाडी रुमालाने सुरू होते का रे? मी नमस्कार केला, पुढच्या दुकानातून कॉइल घेतली, झाडाखाली स्वतः बसवली. त्यानंतर झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, एक आचका नाही. इंजिन उघडलं असतं तर आठवडा गेला असता आणि ती आजारी कॉइल होती तिथेच राहिली असती.

काकांच्या गाडीला पॉइंट आहेत, म्हणजे कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क. तिथे कॉइलइतकाच संशय त्यांच्या जोडीच्या कंडेन्सरवर घ्यायचा, तोही असाच गरम झाला की दगा देतो. पॉइंट उघडताना मोठी पिवळी ठिणगी उडत असेल आणि ते जळून काळे पडत असतील, तर कंडेन्सर गेला असं समज. दोन्ही जवळ ठेव, सोबत बारीक पॉलिश पेपर आणि फट मोजायच्या पात्या, म्हणजे फीलर गेज. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या जादा केबल जुन्या केबललाच शेजारून बांधून टाक. तुटली की टोकं बदलायची आणि निघायचं.

वर गेल्यावर मात्र वेगळंच नाटक. मनाली-लेह रस्त्यावरची बारालाचा खिंड चढताना गाडी काळा धूर सोडेल, ओढणार नाही, उभी असताना मंद चालीत मरेल. घाबरू नकोस, ती आजारी नाही. पुढची टांगलांग ला खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. कार्ब्युरेटर पेट्रोल मात्र जवळपास नागपूरच्या हिशेबानेच देत राहतो, म्हणून हवा-पेट्रोलचं मिश्रण घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, आणि प्लग काजळतो. कार्ब्युरेटरमधल्या नीडलची, म्हणजे पेट्रोलचं माप ठरवणाऱ्या सुईची, क्लिप एक खाच वर घे म्हणजे नीडल खाली बसेल, आणि मिश्रण जुळवायचा एअर स्क्रू थोडा बाहेर काढ. पण आधी बघून ठेव, तो स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे की इंजिनाच्या. फिल्टरच्या बाजूचा बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, इंजिनाच्या बाजूचा बाहेर काढला की उलट घट्ट होतं. निम्मे लोक इथेच फसतात आणि मग लडाखच्या हवेला शिव्या देतात. कुणी म्हणेल, एअर फिल्टरच काढून टाक. ऐकू नकोस, तिथली धूळ पीठ दळल्यासारखी बारीक असते, सरळ बोअरमध्ये जाईल.

आणि परतताना हे सगळं होतं तसं करायचं, याला अपवाद नाही. वर पातळ केलेलं मिश्रण खाली, त्यात उत्तरेच्या उन्हात, फारच पातळ पडतं. इंजिन भयंकर तापतं, पिस्टन बोअरला धरतो किंवा त्याला भोक पडतं. गाडी तेव्हा हलकी, छान पळते, म्हणून कुणाला संशयच येत नाही. खाली आल्यावर प्लग काढून बघ. चहाच्या रंगाचा असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर तिथेच थांब. झोजिला, श्रीनगरवरून उतरलास तर पुढे तोच ४४ नंबरचा रस्ता थेट आपल्या नागपुरात आणून सोडतो, पण पांढऱ्या प्लगवर तो रस्ता फार लांब आहे.

इथून निघायची वेळ पहाटे चारची ठेव. काकू डबा करतो म्हणतील, आदल्या रात्रीच करून घे. वहिनी दिल्लीपर्यंत रेल्वेने येणार असतील तर सामान त्यांच्याकडे दे, गाडीवर फक्त हत्यारं आणि पाणी.

येत्या रविवारी मी वाड्यावर जाऊन कार्ब्युरेटर उघडून बघतो, मेन जेट, म्हणजे पेट्रोल येतं ते बारीक भोकाचं तोंड, कितीचा आहे ते कळवतो. वरच्यासाठी एक नंबर लहान जेट सीताबर्डीत मिळतो का तेही बघतो. काकांना तेवढं विचारून ठेव, कॉइल शेवटची कधी बदलली होती.

तुझा,
नान्या

ता. क. गाडीची किल्ली वाड्यात कुणाकडे आहे ते शनिवारच्या आत सांग. मागच्या वेळी मी दारात तासभर उभा होतो आणि तू पुण्यात झोपला होतास.