चि. निखिलला पत्र: आपल्याच धंद्यातली माणसं जोडण्याबद्दल

टोरांटो

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या कारखान्यांची इलेक्ट्रिकल कामं यायला लागली, पण माणसं कमी पडतात म्हणून काही सोडावी लागतात, हे आईकडून कळलं. आणखी वायरमन पगारावर ठेवायच्या आधी माझं ऐक. ज्यांच्या भरवशावर साईट सोडता येईल असे चार-पाच कंत्राटदार आधी जोड. आपलं काम वर्षभर सारखं नसतं. दिवाळीत कारखाने बंद असतात तेव्हाच पॅनेल बदलायची कामं निघतात, आणि नेमकी तेव्हाच बिहारची माणसं छटपूजेला गावी गेलेली असतात. होळीला दाहोद-पंचमहालची माणसं जातात. त्या आठ-दहा दिवसांसाठी वर्षभराचे पगार अंगावर घेणं परवडत नाही.

जोडायचं कोणाला? तुझ्याच वॉर्डात तेच काम करणाऱ्याकडून सुरुवात करू नकोस, तिथे गिऱ्हाईक एकच असतं. एक इलेक्ट्रिकलवाला हालोलकडचा बघ, एक आणंदचा. बाकीचे शेजारच्या धंद्यातले: फॅब्रिकेशन, एसी डक्टिंग, फायर फायटिंग. कारखान्यात नवं शेड उभं राहतंय हे फॅब्रिकेटरला तुझ्या आधी कळतं.

माणूस पारखायचा तर त्याच्या चालू साईटवर जा. डीबीचं, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीचं, झाकण उघडून बघ. केबलच्या टोकाचे लग क्रिंपिंग टूलने दाबलेत की हातोडीने ठोकलेत, वायरींना ओळखीचे फेरूल नंबर आहेत का, अर्थिंगची पट्टी दोन बोल्टवर आहे की एकावर. मग तो ज्या दुकानातून केबल उचलतो तिथे उधारीची चौकशी कर. दुकानदाराला जो तंगवतो, तो तुलाही तंगवणार.

पहिलं काम लहान दे, एका रविवारच्या शटडाऊनपुरतं, आणि ते तोंडी देऊ नकोस. भांडणं बहुतेक इथेच होतात, आणि दर ठरला नव्हता म्हणून क्वचितच होतात. ‘हे तुझ्यात धरलं होतं ना?’ यावरून होतात. समज, साडेतीन कोअर 95 चौरस मिमीची ॲल्युमिनियम केबल पॅनेलपासून नव्या मशीनपर्यंत टाकायची आहे. नकाशावर अंतर 60 मीटर दिसतं. केबल ज्यावरून जाते त्या ट्रेचं चढण-उतरण आणि दोन्ही टोकांचे लूप धरले की 68-70 लागते. तर मजुरी नकाशाच्या मापावर की टाकलेल्या केबलच्या मापावर? केबल पॅनेलला घट्ट धरणारे ग्लँड आणि लग कोणाचे? भिंतीला भोक पाडून परत बुजवणार कोण? ड्रमवर उरलेला तुकडा कोणाचा? 1000 व्होल्टचा मेगर लावून इन्सुलेशनचं रीडिंग कोण घेणार आणि त्या कागदावर सही कोणाची? एवढं एका पानावर मांड आणि खाली दोघांनी सह्या करा. ओळखीत कागद कशाला, असं तो म्हणेल. ओळख टिकावी म्हणूनच कागद, हे त्याला स्पष्ट सांग.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी घाल. गिऱ्हाईक ज्याने आणलं त्याचं. दुसऱ्याने त्याला थेट कोटेशन द्यायचं नाही, निदान एक वर्ष. आणि एकमेकांची माणसं जास्त पगाराचं आमिष दाखवून ओढायची नाहीत. त्याच्या माणसांचा अपघात विमा आहे का, तेही आधी बघ. त्याचा माणूस तुझ्या साईटवर पडला तर भरपाईची जबाबदारी तुझ्यावरही येऊ शकते.

आता पैसा. इथे ऑन्टारियोत 2019 पासून कायदाच आहे: व्यवस्थित बिल मिळाल्यावर मालकाने 28 दिवसांत पैसे द्यायचे आणि ते हाती आल्यापासून 7 दिवसांत कंत्राटदाराने खालच्याला. तिथे तू हा नियम स्वतःला लावून घे. गिऱ्हाइकाचे पैसे आले की आठवड्याच्या आत जोडलेल्या कंत्राटदाराचे दे. आले नाहीत तरी 30 दिवसांच्या पुढे त्याला थांबवू नकोस. तेवढी रोकड हाताशी नसेल तर काम वाटूच नकोस. गिऱ्हाईक 5 टक्के रिटेन्शन, म्हणजे काम नीट राहण्याची हमी म्हणून राखून ठेवायची रक्कम, कापतं का आणि ते कधी सुटतं, हेही त्याला पहिल्या दिवशी सांग. शेवटच्या बिलात कळलं की माणूस कायमचा दुरावतो.

जीएसटीची रक्कम मात्र वेगळी ठेव. त्याने रिटर्न भरून तुला दिलेलं बिल दाखवलं तरच ते पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला तुझ्या 2बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, दिसतं आणि भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. तोवर करापुरते पैसे थांबतील, असं कागदावरच लिही. मग त्याला राग येत नाही. तो छोट्या धंद्यांच्या कंपोझिशन योजनेत असेल तर क्रेडिट मिळणारच नाही, तेव्हा दर ठरवतानाच विचार.

दर महिन्याला एक ठरलेली तारीख धरून सगळे भेटा. नुसता चहा नको, आकडे घेऊन बसा. अंदाजात किती मजूर-दिवस धरले आणि लागले किती, केबल किती टक्के वाया गेली, बिल दिल्यापासून पैसे किती दिवसांनी आले, तक्रारीसाठी किती वेळा परत जावं लागलं. असं खरं बोलणारी माणसं मिळाली की तुझं एस्टिमेट सुधारेल. एका टेंडरला दोघं भरणार असाल तर मात्र त्या टेंडरच्या दराबद्दल अवाक्षर नको. भाव संगनमताने ठरवणं 2002च्या स्पर्धा कायद्याने बेकायदा आहे, त्याला दंड होतो, आणि तसंही ते चुकीचंच.

वर्षाच्या शेवटी वहीत बघ, कोणी किती काम दिलं आणि किती घेतलं. बरोबरी व्हायलाच हवी असं नाही. पण जो फक्त घेतो त्याला एकदा मोकळेपणाने विचार, आणि तरी फरक पडला नाही तर त्याला काम देणं थांबव. कमिशनच्या फंदात पडू नकोस. कमिशन सुरू झालं की माणूस चांगलं काम कोण करतो हे बघत नाही, जास्त टक्के कोण देतो ते बघतो.

साताऱ्याला काकांनाही हे वाचून दाखव, अजितने आता कंत्राटं घ्यायला सुरुवात केली आहे. त्या एका पानाचा मसुदा तयार झाला की फोटो काढून पाठव, मी वाचून कळवते. आईला नमस्कार.

तुझी,
ताई