चर्च गेलं, मनोरा राहिला

पॅरिस

प्रिय अव्या,

इथल्या प्रसिद्ध नोत्र-दाम चर्चबद्दल सविस्तर लिही म्हणाला होतास. पण त्याच्याबद्दल सगळं जगच लिहितं. तिथून थोडं चाललं की रिव्होली रस्त्यालगतच्या बागेत ५४ मीटरचा एक मनोरा एकटाच उभा दिसतो, तूर सॅं-जाक. आजचं पत्र त्याच्यावर.

हा मनोरा ज्या चर्चचा होता, ते संत जेम्सचं होतं आणि आश्रयदाते होते शेजारच्या वस्तीतले खाटीक. स्पेनमध्ये सांतियागोला, जिथे याच जेम्सची समाधी मानतात, पायी जाणारे यात्रेकरू इथून निघायचे. घंटांसाठी हा मनोरा १५०९ ते १५२३ या काळात बांधला, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या चर्चांच्या गॉथिक शैलीचे दिवस भरत आले होते. पण जाता जाता ही शैली नटली आहे बघ! खिडक्यांतली दगडी जाळी ज्वाळांसारखी वळत वर जाते. कडेला भिंतीपासून लांब पाणी फेकणारे अक्राळविक्राळ दगडी प्राणी. माथ्यावर एका कोपऱ्यात जेम्स, बाकीच्या तिन्हींवर सिंह, गरुड आणि बैल. बैल हे बायबलमधल्या संत लूकचं चिन्ह, पण खाटकांच्या चर्चवर तो बघून मला हसू आवरेना.

राज्यक्रांतीत चर्च सरकारजमा झालं आणि १७९७ मध्ये दगडांसाठी विकून पाडलं. मनोरा वाचला, कारण विक्रीतच त्याला हात लावायचा नाही अशी अट होती. पुढे १८२४ पासून तिथे चक्क छर्रे बनायला लागले. वरून वितळलेलं शिसं चाळणीतून सोडायचं. पडता पडता थेंब गोल होऊन थिजायचे आणि खालच्या पाण्यात पडायचे. उंची फुकट मिळाली की माणूस काय काय करतो! फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालनेही १६४८ मध्ये हवेचा दाब मोजायला हीच उंची वापरली. १८३६ मध्ये पालिकेने मनोरा विकत घेतला आणि १८९१ पासून वर हवामान केंद्रही आलं.

आता खास तुझ्या इंजिनिअर डोक्यासाठी. १८५० च्या दशकात रिव्होली रस्ता वाढवताना भोवतालचा उंचवटा कापला, तेव्हा मनोऱ्याचा पायाच उघडा पडायची वेळ आली. तेओदोर बालू या वास्तुविशारदाने खालून आधार देऊन नवा चौथरा आणि पायऱ्या बांधल्या. कोनाड्यांतले संतही त्याच डागडुजीतले. काम पक्कं आहे, वाद नाही. पण चौथऱ्यामुळे मनोरा शोकेसमधल्या ट्रॉफीसारखा दिसतो, हे मला खटकलंच. कमानीखाली पास्कालचा पुतळाही मांडून ठेवलाय.

येणार असशील तर उन्हाळ्यात ये. वर जायला आधी नाव नोंदवावं लागतं, लिफ्ट नाही आणि पायऱ्या ३०० च्या आसपास. वहिनींना हे आधीच सांगून ठेव.

तुझा,
संज्या