विनावेतन धर्मसेवक आणि वैयक्तिक दायित्व

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

धार्मिक मंडळीचे वडील (म्हणजे मंडळीची देखरेख करणारे ज्येष्ठ सेवक), विश्वस्त, कार्यवाह किंवा खजिनदार म्हणून एक पैसाही न घेता राबणाऱ्या माणसांच्या मनात एक समज खोल रुजलेला असतो. आपण सेवा करतो, सूचना वरून येतात, तेव्हा उद्या कोर्टकचेरीचा प्रसंग आलाच तर तो संस्था पाहून घेईल, असे त्यांना वाटते. मी स्वतः काही वर्षे अशा एका मंडळीचे हिशेब सांभाळले आणि याच समजुतीने सभागृहाच्या कर्जाच्या कागदांवर सही केली. ती सही वैयक्तिक हमीदार म्हणून घेतली गेली होती, हे मला दोन वर्षांनी, हप्ते थकल्याची नोटीस माझ्या घरी आली तेव्हा कळले. सही घेणाऱ्यांच्या मनात कपट नव्हते. संस्थेच्या वतीने केलेली सही आणि वैयक्तिक हमीदाराची सही यांतला फरक त्यांनाही ठाऊक नव्हता. पण अज्ञानामुळे दायित्व टळत नाही, आणि हे पद स्वीकारण्यापूर्वी कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिला प्रश्न असा की, मंडळीला कायद्याच्या नजरेत स्वतःचे वेगळे अस्तित्व आहे का. ते असेल तर तिच्या नावाने झालेला करार सामान्यतः तिच्यावरच बंधनकारक असतो. नसेल तर मंडळी म्हणजे केवळ माणसांचा समूह ठरतो, आणि भाडेकरार, बांधकामाचा ठेका किंवा कर्ज यांखाली ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्याच दारात घेणेकरी उभा राहू शकतो. मात्र संस्था रीतसर नोंदलेली असली तरी स्वतःच्या हातून घडलेल्या निष्काळजीपणाचे उत्तर माणसाला स्वतःच द्यावे लागते, कारण नोंदणीमुळे संस्थेच्या कर्जापासून संरक्षण मिळते, स्वतःच्या कृत्यापासून नाही.

अमेरिकेत १९९७ साली स्वयंसेवकांच्या संरक्षणासाठी संघराज्य पातळीवर कायदा झाला. ना-नफा संस्थेसाठी विनामोबदला काम करणाऱ्याला, नेमून दिलेल्या कामात घडलेल्या साध्या निष्काळजीपणाबद्दल तो संरक्षण देतो. पण घोर निष्काळजीपणा, जाणूनबुजून केलेले गैरवर्तन, लैंगिक गुन्हा किंवा वाहन चालवताना झालेली इजा यांना हे संरक्षण लागू होत नाही. म्हणजे मंडळीच्या सभासदांना स्वतःच्या गाडीतून नेणारा भला माणूसही या संरक्षणाबाहेर राहतो. ‘सेवाभाव आहे, मग भीती कसली’ असे म्हणणाऱ्यांनी हे अपवाद एकदा शांतपणे वाचावेत.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिलेला एक निकाल या संदर्भात मला फार महत्त्वाचा वाटतो. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या, वेल्समधील बॅरी येथील मंडळीतील एका वडिलांनी १९९० साली मंडळीतीलच एका स्त्रीवर बलात्कार केला होता. त्याबद्दल मंडळीने भरपाई द्यावी का, असा प्रश्न होता. न्यायालयाने असे मानले की, पगार नसला तरी वडील आणि मंडळी यांचे नाते नोकर आणि मालक यांच्या नात्यासारखेच आहे. परंतु हा गुन्हा त्यांच्या धार्मिक कामाशी पुरेसा निगडित नव्हता, म्हणून मंडळीवर दायित्व येत नाही. खालच्या दोन्ही न्यायालयांचे निकाल याच्या उलट होते. संस्था सुटते तेव्हा गुन्हेगाराचे दायित्व मात्र जसेच्या तसे राहते, आणि पीडितेला भरपाई मागण्यासाठी तो एकटाच उरतो. या परिणामाचे मला समाधान नाही, पण कायदा आज तिथे असा आहे.

सर्वांत कठीण प्रसंग मुलांवरील अत्याचाराचा. तक्रार प्रथम मंडळीच्या वडिलांपुढे येते, ते आपसात बसून चौकशी करतात, पश्चात्ताप झाला की नाही हे ठरवतात, आणि पोलिसांकडे जायचे की नाही हे पंथाच्या मुख्यालयाला विचारून ठरते. या पद्धतीत वडील स्वतःच गुन्हेगार ठरण्याचा धोका असतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, सोळा वर्षांखालील मुलावर प्रौढाने केलेल्या लैंगिक गुन्ह्याची माहिती दडवणे हा २०१४ पासून कोणाही प्रौढासाठी गुन्हा आहे. २०१५ पासून संस्थेत अधिकार असलेल्या व्यक्तीने ठाऊक असलेला धोका न टाळणे हाही वेगळा गुन्हा आहे, आणि त्याला कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. भारतात मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. धार्मिक पदाधिकाऱ्यांसाठी त्यात सूट नाही. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्याला मात्र हाच कायदा संरक्षण देतो.

याउलट अमेरिकेतील मोंटाना राज्यात, अत्याचार न कळवल्याबद्दल ज्यूरीने २०१८ मध्ये धार्मिक संस्थांविरुद्ध साडेतीन कोटी डॉलरचा निवाडा दिला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो २०२० मध्ये रद्द केला, कारण धर्मनियमानुसार गोपनीय असलेल्या माहितीला त्या राज्याच्या कायद्यात सूट होती. एका राज्यातील अशा सूटीवर विसंबून दुसरीकडच्या माणसाने मौन बाळगणे धोक्याचे आहे.

अशी तक्रार आली की वडील मुख्यालयाच्या विधी विभागाला फोन करतात आणि मिळालेला सल्ला आपल्या हिताचा आहे असे गृहीत धरतात. पण तो वकील मुख्यालयाचा असतो. संस्थेचे हित आणि त्या वडिलांचे हित वेगळे होऊ लागले, तर त्याने संस्थेचीच बाजू घ्यायची असते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. चूक आहे ती हा फरक न सांगण्यात. अत्याचाराची तक्रार कानावर येताच वडिलांनी आधी पोलिसांना कळवावे, आणि स्वतःसाठी संस्थेशी संबंध नसलेल्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

माझी धर्मसंस्थांना विनंती आहे की, पद देण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या हाती एक लेखी कागद द्यावा. मंडळीचे कायदेशीर स्वरूप काय आहे, विमा कोणाला आणि कशासाठी संरक्षण देतो, आणि सद्‌हेतूने केलेल्या कामाबद्दल खटला झाल्यास खर्च कोण उचलेल, एवढे त्यात असले तरी पुष्कळ. वैयक्तिक हमी मागायची असेल तर ती तशी आहे हे सहीपूर्वी स्पष्ट सांगावे. पद सोडले म्हणून हमी संपत नाही, हेही सांगावे. मी राजीनामा दिल्यानंतरही माझे नाव कर्जाच्या कागदावर होते, आणि सावकार संस्थेने लेखी मुक्तता देईपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक वर्ष, ते तसेच राहिले.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मंडळी-खजिनदार