घराच्या फोटोत उजेड किती असावा?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घर विकताना किंवा भाड्याने देताना त्याचे फोटो कसे काढावेत, याविषयीचा लेख आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. विषय उपयोगाचा आहे आणि आवराआवरीविषयीच्या त्यातील सूचना कोणालाही पटतील अशाच आहेत. परंतु मोबाइलमधील एचडीआर (कमीअधिक उजेडाचे अनेक फोटो जोडून एक करण्याची सोय) सुरू केले की अंधारी खोलीही लख्ख दिसते, अशा अर्थाचे जे विधान त्यात आले आहे, त्याबद्दल चार शब्द लिहिणे आवश्यक वाटते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून गेली चार वर्षे मी घरांच्या आतले फोटो काढायला शिकतो आहे, आणि नेमक्या याच समजुतीपायी एकदा तोंडघशी पडलो आहे.

माझ्या मावसबहिणीची सदाशिव पेठेत तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा आहे. बाहेरच्या खोलीला एकच खिडकी असून ती गल्लीकडे उघडते. भाडेकरू पाहायचा म्हणून तिने मला फोटो काढायला सांगितले, तेव्हा मी नव्याने शिकलेली सगळी विद्या तिथे पणाला लावली. पाच फोटो जुळवले, सावल्या उजळता येतील तितक्या उजळल्या. कडप्प्याच्या ओट्याखाली कोपऱ्यात सरकवलेला गॅस सिलिंडरसुद्धा अगदी स्वच्छ दिसू लागला. ते फोटो पाहून एक कुटुंब हडपसरहून जागा बघायला आले. सकाळचे अकरा वाजले होते. त्यातील बाई उंबऱ्यातच थांबल्या, भिंत चाचपून त्यांनी ट्यूबलाइटचे बटण दाबले, एकदा हातातल्या मोबाइलकडे आणि एकदा खोलीकडे पाहिले आणि, “फोटो याच जागेचे ना?” असे अगदी सौम्यपणे विचारले. बहीण काहीच बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिले.

ही अडचण मुळात उद्भवते ती उजेडातल्या प्रचंड तफावतीमुळे. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर आपल्याकडच्या साध्या बैठकीच्या खोलीत खिडकीपासून थोडे आत गेले की तो शे-दीडशे लक्सवर येतो. छायाचित्रणात उजेडाच्या प्रत्येक दुपटीला एक स्टॉप म्हणतात. दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट. बाहेरची उन्हातली भिंत आणि आतल्या खोलीतली भिंत यांच्यात साधारण नऊ-दहा स्टॉपचे अंतर पडते, आणि त्यात शिसवी कपाटाचा काळपटपणा व चादरीचा पांढरेपणा यांची भर पडते. आपला डोळा एकदा खिडकीकडे, एकदा कोपऱ्याकडे वळत क्षणोक्षणी जुळवून घेतो, म्हणून आपल्याला ही दरी जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र एका फोटोसाठी एकच एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायच्या उजेडाचे प्रमाण, ठरवावे लागते. खोली नीट आली तर खिडकी जळून पांढरी होते आणि गल्ली नीट आली तर खोलीची गुहा होते.

यावरचा उपाय म्हणजे ब्रॅकेटिंग, अर्थात एकाच दृश्याचे कमीअधिक एक्स्पोजरचे अनेक फोटो घेणे; ते नंतर जुळवायचे. ते शिकायला महागडा कॅमेरा लागत नाही, ट्रायपॉड मात्र लागतोच लागतो. कॅमेरा साधारण साडेचार फुटांवर ठेवावा आणि पाणसळीने पातळी पाहावी, नाहीतर दाराच्या चौकटी कलंडलेल्या दिसतात. अॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ ८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) एकदा ठरवून तसेच राहू द्यावे, रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत, चित्रण करावे आणि दोन सेकंदांचा टायमर लावून केवळ शटरचा वेग बदलत जावा. त्या खोलीत माझे पाच फोटो १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद असे होते. पहिल्यात गल्लीतली सायकल आणि समोरच्या भिंतीचा रंग आला, शेवटच्यात कोनाडा आला. अॅपर्चर मध्येच बदलले तर प्रत्येक फोटोत धूसरपणा वेगळा येतो आणि जुळवणी बिघडते.

पुस्तकांत सहसा न सांगितलेली, पण आपल्या घरांत हटकून नडणारी गोष्ट म्हणजे छताचा पंखा. पाच फोटोंत त्याची पाती पाच ठिकाणी असतात आणि जुळवलेल्या चित्रात छताखाली भुताटकीसारखी पुसट पाती तरंगतात. पंखा बंद करून तो पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि एप्रिलमध्ये घरमालकांना ते मिनिट अर्ध्या तासासारखे वाटते. हलणारे पडदे आणि देवघरातल्या निरांजनाची ज्योत यांचेही तेच होते. दिव्यांचा त्रास निराळा आहे. खिडकीचा उजेड निळसर, पिवळा बल्ब तांबूस आणि ट्यूबलाइट या दोहोंहून वेगळी, त्यामुळे एकाच भिंतीवर तीन रंगांचे डाग उमटतात. शिवाय आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. डोळ्याला ते कळत नाही, पण १/२५० च्या फोटोत ती कधी मंद येते, कधी चित्रात पट्टे पडतात. म्हणून मी दिवे मालवून, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान केवळ नैसर्गिक उजेडात काम करतो.

पाचही फोटो हाती आल्यावर खरी कसोटी सुरू होते. एकाहून अधिक एक्स्पोजर जोडण्याची युक्ती जुनीच आहे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५०च्या दशकात आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह एकाच छापात उतरवल्या होत्या. आज आपण ज्याला एचडीआर म्हणतो, त्याच्या पायाभूत कामांत १९९७ सालचा पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांचा शोधनिबंध मोडतो. मलिक हे मथुरेत जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले, ही गोष्ट आपल्या वाचकांना आवडावी. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून त्या जागेतल्या प्रकाशाचे खरे प्रमाण काढणे, हा त्या निबंधाचा उद्देश होता. म्हणजे एचडीआर ही मुळात मोजणी आहे. मोजलेला एवढा उजेड पडद्यावर किंवा कागदावर मावत नाही, म्हणून तो दाबून बसवावा लागतो. या पायरीला टोन मॅपिंग म्हणतात, आणि खोटेपणाला वाव आहे तो या पायरीवर. खिडकीच्या गजांभोवती पांढरट प्रभावळ, राखाडी छत, खाटेखाली नावालाही सावली नाही आणि कोऱ्या भिंतीवर सिमेंटसारखा खडबडीतपणा, ही सारी तिचीच अपत्ये होत. लेखासोबत छापलेल्या दुसऱ्या चित्रातील सोफा मला जमिनीपासून वर उचलल्यासारखा दिसला, त्याचेही कारण हेच असावे. २००७ साली मेर्टेन्स, काउत्झ आणि व्हॅन रीथ यांनी मांडलेल्या एक्स्पोजर फ्यूजनच्या पद्धतीत प्रत्येक फोटोतला नीट आलेला भाग अधिक वजन देऊन मिसळला जातो. घराच्या आतल्या चित्रणासाठी मला ती अधिक संयमी वाटते.

फोनमध्ये हे सारे आपोआप होते, हे मान्य आहे. आयफोनमध्ये ही सोय २०१० पासून आहे आणि आजचे फोन एका दाबात अनेक फोटो घेऊन ते जोडतात. घरच्या समारंभासाठी ते पुरेसे आहे. पण खिडकी किती उजळ ठेवायची आणि कोपरा किती काळोखा राहू द्यायचा, हा निर्णय तिथे आपल्या हाती फारसा उरत नाही, आणि ज्या फोटोच्या भरवशावर कोणी हडपसरहून रजा काढून येणार आहे, त्यात तो निर्णय माणसाने घ्यायला हवा. बांधकाम व्यावसायिकांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०१६च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १२ मध्ये भरपाईची तरतूद आहे. बहिणीच्या दोन खोल्यांना ते कलम लागू नाही, पण मला त्या दिवशी वाटलेली लाज कलमावाचूनही पुरेशी होती.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. चित्र तयार झाले की त्याची प्रत घेऊन, दिवे न लावता, त्याच वेळी त्याच खोलीत जाऊन उभा राहतो, आणि डोळ्यांना जो कोपरा काळोखा दिसतो तो चित्रातही थोडा काळोखा ठेवतो. बहिणीच्या जागेचे फोटो मी अशा रीतीने पुन्हा काढले. पाहायला आलेल्यांची संख्या घटली, हे खरे. पण त्यांतल्या तिसऱ्या कुटुंबाने जागा घेतली, आणि बघायला आले तेव्हा त्यांनी ट्यूबलाइटचे बटण शोधले नाही.

पुरवणीत या लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे म्हटले आहे. त्यात जुळवलेल्या चित्राशेजारी त्याचे मूळ फोटो, प्रत्येकाच्या शटरचा वेग आणि चित्रण केल्याची वेळ छापावी, अशी विनंती आहे. माझे पाचही मूळ फोटो आणि दोन्ही वेळची जुळणी, पहिली फसलेली धरून, आपणांस पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे