बाळ हातात नसलं तरी ती बाळंतीणच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मदर्स डेला तुमच्या पुरवणीत आईच्या त्यागावर बरंच काही आलं होतं, सगळं वाचलं, चांगलंच होतं. पण आधी पोटातलं बाळ गेलं आणि मग जी आई झाली तिच्याबद्दल त्यात एक ओळ पण नव्हती, म्हणून हे लिहितेय. पेपरला पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कुडाळ तालुक्यातली. एका खाजगी ऑफिसात अकाउंट्स बघायचे. तीन वर्षांमागे बाविसाव्या आठवड्यात, आदल्या दिवसापर्यंत ना दुखणं ना खुपणं, आणि भर पावसात रात्री एकदम पाणी गेलं, उजाडेपर्यंत सगळं संपलं होतं. पिशवीचं तोंड सैल होतं असं नंतर कळलं. मला ज्या वॉर्डात ठेवलं तिथे दोन्ही बाजूंना बाळंतिणी, त्यांची बाळं, नातेवाईक, पेढे. सकाळी झाडायला मावशी आल्या त्यांनी हसत विचारलं, "काय झाला गो, झील की चेडू?" म्हणजे मुलगा की मुलगी. त्यांची काहीच चूक नाही, बाळंतिणींच्या वॉर्डात बाई झोपलीय म्हटल्यावर कोण पण हेच विचारणार, चूक मला तिथे खाट देणाऱ्यांची. मी नुसती भिंतीकडे तोंड करून पडले.

घरी आले आणि तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला. हे कोणीच सांगितलं नव्हतं हो. ब्लाऊज भिजून पदरापर्यंत ओल आली, मला वाटलं पावसाचं ओलं कापड अंगात घातलंय. आईने सुती साडीची पट्टी फाडून छाती घट्ट बांधली, मग डॉक्टरांनी दूध आटायची गोळी दिली. शरीराला कुठे माहीत असतं बाळ आहे की नाही, त्याने बाळंतीण म्हणून जे करायचं ते सगळं केलं, अंगावरून जाणं, कंबर भरून येणं, केस गळणं, सगळं. पण माणसांनी मात्र मला बाळंतीण म्हटलं नाही. आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना उठू देत नाहीत, शेक, धुरी, मऊ भात-तूप, अळिवाचे लाडू. मला यातलं काहीच नाही. वाईट मनाने नाही, उलट आठवण नको म्हणून. "देवान दिलान, देवान नेलान, आता उठ नि कामाक लाग, मन रमात" असं आलेल्या प्रत्येकीने सांगितलं. आठव्या दिवशी मी ऑफिसात होते, कारण सुट्ट्या संपल्या होत्या आणि पुढचे दिवस बिनपगारी होते.

आणि हेच मला मुख्य सांगायचंय. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासून गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा आहे. नवीन कामगार संहितेत पण ती तशीच ठेवलीय. त्यातून आजारपण आलं तर डॉक्टरांच्या कागदावर आणखी एक महिन्यापर्यंत मिळते. 26 आठवड्यांच्या आत गेलं तर कायद्याच्या भाषेत गर्भपात, त्याच्यानंतर गेलं तर ती प्रसूतीच धरतात, आणि 1961 च्या त्या कायद्यात बाळ या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेलं बाळ पण घेतलंय. म्हणजे बघा, साठ वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना जे कळलं ते आमच्या घरात आणि ऑफिसात अजून कळलेलं नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की दुकानं-ऑफिसांना पण तो लागू, आमच्याकडे चौदा होती. मला हे कळलं ते दीड वर्षानंतर, एका मैत्रिणीकडून. ऑफिसने मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही, पण सांगितलं नाही हे खरं.

दुसरं म्हणजे, दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई बाळाला बघायला 42 दिवसांत सहा वेळा घरी येते, त्यात आईची पण विचारपूस होते. बाळच नसलं तर कोणाला बघायला येणार? रक्त जास्त जातंय का, ताप आहे का, बाई जेवते का, झोपते का, हे विचारायला कोणी नाही. आमची आशाताई स्वतःहून दोनदा आली होती, माझ्याजवळ बसली, माझ्याबरोबर रडली, पण तिच्या फॉर्मवर मला रकानाच नव्हता.

त्याच्यानंतर पुन्हा दिवस राहिले तेव्हाचं काय सांगू. तेराव्या आठवड्यात पिशवीच्या तोंडाला टाका घातला. नोकरी सोडली. फोंडा घाटातून कोल्हापूरला चेकअप, एसटीची हिंमत होईना म्हणून दरवेळी भाड्याची गाडी, लग्नातली पाटली त्यातच गेली. डॉक्टर म्हणाले होते जड काम नको, बाकी सावकाश वावर, नुसतं पडून राहिल्याने मूल टिकतं असं काही नाही. पण काकीने सांगितलं म्हणून नवऱ्याने खाटेच्या पायथ्याशी दोन जांभे चिरे लावले आणि मी भीतीपोटी महिनाभर तशीच उताणी पडून कौलं मोजली. पैसे गेले, नोकरी गेली त्याचं इतकं नाही वाटत. आनंद करायचीच भीती वाटायची त्याचं वाटतं. डोहाळजेवण नको म्हटलं, दुपटी शिवू दिली नाहीत, सहावा महिना संपेपर्यंत बाहेर कोणाला सांगितलं नाही. रात्री बाळ थोडा वेळ हललं नाही की गार पाणी पिऊन कुशीवर व्हायचं आणि वाट बघायची. पहिल्या खेपेला मी पोटाशी बोलायचे, गाणी म्हणायचे, ह्या खेपेला तेवढं पण जमलं नाही. मुलगी आता आठ महिन्यांची आहे, गुटगुटीत आहे, आणि तिच्याशी पोटात असताना बोलले नाही म्हणून मी अजून मध्येच तिची माफी मागते. लोक म्हणतात बघ, आता सगळं विसरलीस ना? नाही विसरले. विसरायचं पण नाहीये.

माझ्याकडे निदान नवरा, आई आणि मोडायला पाटली तरी होती. आमच्या वाडीतली एकजण रोजावर काजूगर फोडायला जाते, तिला गेल्या महिन्यात असंच झालं आणि पाचव्या दिवशी ती कामावर, काजूच्या तेलाने सोललेले हात घेऊन. तिला कुठली पगारी रजा. मी अळिवाचे लाडू करून नेले तर मला म्हणते, "ह्या माका कित्याक? मी काय बाळंतीण आसय?" म्हटलं, आसस. दोन लाडू तिने माझ्यासमोर खाल्ले, एक शब्द न बोलता.

दवाखान्यांनी अशा बाईला वेगळी खाट द्यावी, वेगळी खोली नाही तर निदान पडदा तरी लावावा, आशाताईंच्या फॉर्मवर तिच्यासाठी रकाना यावा, रोजावरच्या बायकांसाठी सरकारने काहीतरी करावं. आणि तुम्ही एवढं करा, ते सहा आठवड्यांच्या रजेचं सोप्या शब्दांत चौकटीत छापा. माझं नाव छापू नका, पण चौकट छापा. माझ्या जुन्या ऑफिसात तुमचाच पेपर येतो.

आपली एक वाचक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग