कोचीतले सात तास

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

जहाज आत्ताच धक्क्यावरून सुटलं. फोनला रेंज नाही, म्हणून वही काढली. तू सांगितलेल्या बसच्या सहलीला आम्ही गेलो नाही, रागावू नकोस. साडेआठला उतरलो, साडेतीनला परत हजर व्हायचं होतं. तेवढ्यात खिडकीतून दहा ठिकाणं बघण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी पायी जाऊ, असं बाबाच म्हणाले.

जहाज विलिंग्डन बेटावर लागतं. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाची भर घालून केलेलं हे बेट. तिथून बोटीने फोर्ट कोचीला गेलो. किनाऱ्यावर ती चिनी जाळी. बाबा अर्धा तास हलले नाहीत. सागाच्या लांब वाशांना जाळं बांधलेलं, मागे दोरांना धोंडे लटकवलेले. चार-पाच जण दोर ओढतात, तसे धोंडे एकेक करून खाली येतात आणि पाणी निथळत जाळं वर येतं. आमच्यासमोर चार मासळ्या आणि एक खेकडा निघाला. पुन्हा जाळं पाण्यात.

सेंट फ्रान्सिस चर्च जवळच आहे. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला, त्याला आधी इथेच पुरलं होतं. थडग्याच्या दगडाभोवती कठडा आहे. पुढे अस्थी पोर्तुगालला नेल्या.

मग बाजार रोडने मट्टनचेरीपर्यंत चालत. जुन्या वखारी, मिरी आणि सुंठेचा वास. ऊन फार होतं, बाबांचा गुडघा धरला, दोनदा बसलो. १५६८चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बंद होतं. आज शनिवार, त्यांचा विश्रांतीचा वार, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तू जाशील तेव्हा वार बघून जा.

पण मला खरं सांगायचंय ते चेरलाईचं. तिथे तिरुमल देवस्वम् म्हणून व्यंकटेशाचं मोठं देऊळ आहे, कोकणी लोकांचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून जी घरं निघाली, त्यांतली बरीच इथे स्थिरावली. देवळाबाहेर एक म्हाताऱ्या बाई जाईच्या कळ्या ओवत बसल्या होत्या. मी दोन हात गजरा घेतला. पैसे देताना त्यांनी विचारलं, "जेवण जालें?"

निखिल, माझी आई फोन उचलला की पहिलं हेच विचारायची. अगदी याच शब्दांत. मला बोलताच येईना. मग मी गोव्यातल्या आपल्या पेडण्याची मोडकी कोकणी बोलले, त्या त्यांच्या मल्याळी वळणाची बोलल्या, निम्मं कळलं, निम्मं नाही. त्यांनी माझ्या हातावर आणखी चार कळ्या ठेवल्या. त्या या वहीतच आहेत.

तीनला जहाजावर पोहोचलो. तुझ्यासाठी पाव किलो मिरी घेतली आहे.

दिवाळीत पेडण्याला जायचं का? आजीच्या घराची किल्ली मामाकडे आहे. तुझी रजा कळव.

तुझी,
आई