अमरवेल धुऱ्यावर फेकू नका

महोदय,

परवा सोयाबीन निंदताना तिसऱ्या ओळीत पिवळ्या दोऱ्यांचा गुंता हाताला लागला. शेवयांसारखी बारीक, बिनपानांची, दुसऱ्या झाडाच्या रसावर जगणारी अमरवेल. चार वर्षांपूर्वी ती आमच्या वावरात परातीएवढ्या जागेत होती. गेल्या वर्षी तिने दोन गुंठे खाल्ले. तिथे यंदा आम्ही ज्वारी पेरली, कारण ज्वारीवर ती जगत नाही.

बोरीवर दिसणारी जाड अमरवेल आपल्याकडचीच. पिकांवरची ही बारीक जात मूळची उत्तर अमेरिकेतली. तिने धरलेलं झाड मी मुळासकट उपटून पाहिलं. मुळांवरच्या गाठी मोहरीएवढ्या, त्याही मोजक्या. हातभर अंतरावरच्या चांगल्या झाडाच्या गाठी टपोऱ्या होत्या, फोडल्या तर आत गुलाबी. या गाठींतच हवेतला नत्र पिकाला मिळतो. वेल खोडात घुसून साखरही ओढते आणि नत्रही, मग गाठी पोसायला झाडाकडे काय उरणार? धुऱ्यावर, म्हणजे बांधावरही ती अशीच झाडं धरते. पूर्वी तिथे तरोटा, रानमूग भरपूर असायचा. आता कुंदा आणि हरळी ही गवतंच माजली आहेत, त्यांवर ती जगत नाही.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की निंदलेली वेल धुऱ्यावर फेकू नका. तुटलेला तुकडा ओल्या झाडाला टेकला तरी पुन्हा धरतो. फुलावर येण्याआधी, ज्या झाडाला ती चिकटली आहे त्या झाडासकट काढा आणि जाळा. एकदा बी पडलं की ते दहा वर्षांहून जास्त काळ मातीत जिवंत राहतं. मळणी यंत्रातून ते या वावरातून त्या वावरात जातं. कुटारातून जनावरांच्या पोटात जातं आणि शेणखतातून परत येतं. म्हणून यंत्र आपल्या वावरात घेण्याआधी झाडून घ्यायला सांगा, यंत्रवाले घाईत असले तरी.

पण एकट्या शेतकऱ्याने किती पुरं पडायचं? पांदण, म्हणजे वावराकडे जाणारी वाट, आणि नाल्याकाठची वेल कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही, तिथूनच ती दरवर्षी आत येते. कृषी विभाग आणि ग्रामपंचायतींनी दर पावसाळ्यात, वेल फुलण्याआधी, ही सार्वजनिक जागा साफ करून घ्यावी. पुढच्या सोमवारी आम्ही अकरा जणी आमची पांदण साफ करायला घेतोय. नाल्याचं काम मात्र आमच्या हाताबाहेरचं आहे, तिथे माणसं द्यावीत.

– एक महिला शेतकरी, जि. अमरावती